जुलैच्या रात्री वाडीत कोण असतं?

सड्यावरची | १८ एप्रिल, रात्री १०:४०

दरवर्षी मिरगाच्या तोंडावर आमच्या घरी एक नोटीस येते. कोतवाल दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून वर येतो, पडवीत टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि आईचा अंगठा उठवून घेतो. आपलं घर दरडप्रवण भागात आहे, अतिवृष्टीत सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावं, न केल्यास होणाऱ्या हानीस आपण स्वतः जबाबदार राहाल, असा मजकूर असतो. आई तो कागद देव्हाऱ्यामागे खोचते. शिमग्याला गेले तेव्हा झाडलोट करताना तिथून सहा वर्षांचे सहा कागद निघाले.

सुरक्षित ठिकाण म्हणजे कुठलं, ७६ वर्षांच्या बाईला रात्री पावसात तिथे कोण नेणार, गोठ्यातली गाय कोण सोडणार, यातलं एक अक्षर त्या सहाही कागदांवर नाही.

म्हणून गावाचा आपत्ती आराखडा मागून घेतला. शोध व बचाव पथकात दहा नावं आहेत. सात जण मुंबई-विरारला नोकरीत, एक वारला, उरलेल्या दोघांतल्या एकाचं वय ६८. मुंबईतल्या दोघांना मी फोन केला. आपलं नाव अशा कुठल्या यादीत आहे हे त्यांना माझ्याकडूनच कळलं.

मग मी वाडीच मोजली. घरं ३१. गणपतीत दोनशे माणूस जेवतं. मतदार यादीत ११४ नावं. आणि गेल्या जुलैत उघडी दारं १२, त्यात १९ माणसं. एकोणीसपैकी चौदा साठीच्या पुढची, त्या चौदांत अकरा बायका. पाच घरांत एकेकटी बाई.

हे फक्त आमच्याच वाडीचं असतं तर धागा काढला नसता. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. आख्खा महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. शाळेत हा आकडा आम्हाला कौतुकाने शिकवला जायचा. खरं तर त्याचा मोठा भाग म्हणजे बाहेर गेलेले पुरुष. त्यानंतरची २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, पण वाडीत कुलुपं किती वाढली हे डोळ्यांना दिसतं.

आता तारखा बघा. महाड तालुक्यातल्या जुई-दासगावच्या दरडी, २५-२६ जुलै २००५. माळीण, ३० जुलै २०१४. तळिये आणि खेडमधलं पोसरे, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. प्रत्येक तारीख जुलैच्या उत्तरार्धातली. तेव्हा लावणी आटपत आलेली असते, चाकरमानी गणपतीसाठी रजा साठवत असतो आणि गावात वर्षातली सगळ्यात कमी, सगळ्यात थकलेली माणसं असतात. आराखडा मात्र मतदार यादीवर बेतलेला असतो. ११४ माणसांचा आराखडा त्या १९ जणांना कसा वाचवणार?

तुमच्या वाडीत जुलैच्या रात्री कोण असतं? कुणी मोजलंय का? काही केलं असेल तर सविस्तर लिहा. मला मेच्या सुट्टीत गावी जाऊन काहीतरी उभं करायचं आहे.


वाशिष्ठीकाठ | १९ एप्रिल, सकाळी ८:१५

सड्यावरची, तुमची नोटीस वाचली आणि पोटात कालवलं. मी चिपळूणचा. २१ जुलै २०२१ च्या रात्री झोपलो तेव्हा रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांकडून पाणी आलं. २२ च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत वर महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला. वीज गेली, काही तासांत मोबाइलही गेले, मग एकमेकांची खबर घेण्याचा एकच मार्ग उरला, गच्चीवरून हाका मारणं.

आमच्या तळमजल्यावर एक आजी-आजोबा होते, मुलगा परदेशात. त्यांना आम्ही चौघांनी जिन्यावरून उचलून वर आणलं. आजोबांना मधुमेह. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आणि फ्रिज पाण्यात. आजींचा चष्मा खाली राहिला, आजोबांची कवळी पेल्यात राहिली. दोन दिवस त्यांना फक्त पेज भरवली. जीव वाचला, पण पुढचे तीन महिने आजोबा सावरले नाहीत.

त्यानंतर आमच्या इमारतीत प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची एक पिशवी दारामागच्या खुंटीला असते. महिन्याची औषधं, जुना चष्मा, औषधाच्या चिठ्ठीची फोटोकॉपी, बॅटरी, कोरडं लुगडं किंवा धोतर, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेले तीन फोन नंबर. इन्सुलिनसाठी थर्मास. १ जूनला पिशवी उघडून औषधांच्या तारखा बघायच्या. हे काम आम्ही सातवी-आठवीतल्या मुलांना दिलंय, आणि ती ते चोख करतात.

तुमच्या वाडीत मुलं नसतील, हे लिहिताना लक्षात आलं.


बांदावरून | १९ एप्रिल, रात्री ९:०५

मी गावातच राहतो. वय ४६, आमच्या वाडीतला सगळ्यात तरुण पुरुष. दोन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आलोय, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

सरकारची आपदा मित्र योजना, गावातल्या स्वयंसेवकांना बचावकार्य शिकवणारी, चांगली आहे. प्रशिक्षण मिळतं, साहित्य मिळतं. वयाची अट १८ ते ४०. आमच्या ग्रामपंचायतीत पाच वाड्या, त्यात या वयाची आणि पावसाळ्यात घरी असणारी माणसं शोधायला बसलो. एक रिक्षावाला आणि पोल्ट्रीवरचा एक मुलगा मिळाला. बाकी सगळ्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायका, ज्या दिवसभर चिखलात उभ्या राहून लावणी लावतात, मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरतात. त्यांना वयामुळे जागा नाही. ही अट आपल्या जिल्ह्यांपुरती तरी सैल व्हायला हवी. मी तसा अर्ज दिलाय.

दुसरं, पैसा. वित्त आयोगाचा निधी पंचायतीला मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबाने येतो. माणसं घटली की निधी घटतो. पण पाखाडी तेवढीच लांब, साकव तेवढाच जुना, डोंगर तेवढाच उंच. उलट माणसं कमी झाल्यामुळे जी कामं पूर्वी वाडी स्वतः करायची, ती आता कुणीच करत नाही. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आमची माणसं घराच्या वरच्या अंगाचे चर उपसायची. डोंगराचं पाणी घरांना वळसा घालून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळायचं. अर्धा दिवस वीस माणसं लागायची. आता वीस माणसं नाहीत, म्हणून चर बुजलेत आणि पाणी जमिनीत मुरत घराच्या पाठीशी येतं. वरची भाताची खाचरं पडीक आहेत, बांध फुटलेत. त्यात काजूच्या बागेसाठी जेसीबीने डोंगराच्या पायथ्याशी उभा काप घेऊन रस्ता काढलेला. दरड म्हटलं की सगळे आभाळाकडे बघतात. मला आधी बुजलेला चर दिसतो.

तिसरं, शाळा. आमची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात आहे, सात मुलं उरलीत. २०२३ ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा झाली तेव्हा सगळे शिक्षणावर बोलले. मला वेगळी भीती होती. आराखड्यात निवाऱ्याची जागा म्हणून शाळाच लिहिलेली असते. सपाट जागा, पक्कं छप्पर, संडास, पाण्याची टाकी. शाळेला कुलूप लागलं की दोन पावसाळ्यांत कौलं सरकतात, रीप कुजते. पाचव्या वर्षी तिथे आसरा घ्यायला गेलात तर वरून पाणी आणि खाली शेवाळ.


अपर्णा_के | २० एप्रिल, दुपारी १:३०

मी घाटावरची, कोकणात घर नाही, तरी मनापासून विचारते. गैरसमज नसावा. बारा घरांसाठी रस्ता, संरक्षक भिंत, निवारा, हे सगळं करण्यापेक्षा या १९ जणांना तालुक्याच्या गावी चांगली घरं देऊन एकदाचं हलवणं जास्त माणुसकीचं नाही का? दवाखाना जवळ, दुकान जवळ. जमीन तिथेच राहील, उन्हाळ्यात जाऊन येतील. दर जुलैत जीव मुठीत धरून का जगायचं?


सड्यावरची | २० एप्रिल, रात्री ११:१०

अपर्णाताई, गैरसमज अजिबात नाही. मी स्वतः हाच हट्ट तीन वर्षं धरला.

२०२२ ला आईला जुलैभर विरारला आणलं. चौथा मजला, लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. घरात आम्ही दोघं कामावर. आई सकाळी सातपासून खिडकीत. पंधराव्या दिवशी तिने जेवण सोडलं. म्हणाली, "तिथं मरन आलं तर एकदाच यील गो, हितं रोज यतंय." तिला परत सोडून आले. त्या वाक्यावर मी तेव्हा चिडले होते, आता चिडत नाही.

आणि हलवायचं म्हटलं तरी कुठे? माळीणचं पुनर्वसन आमडे गावाजवळ झालं, २०१७ ला लोक नव्या घरांत गेले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या वसाहतीतले रस्ते खचले, भेगा पडल्या. तालुक्याचं गाव सुरक्षित म्हणाल तर वरती वाशिष्ठीकाठ यांचा अनुभव आहेच. शिवाय आमच्याकडे सपाट जागेचा सातबारा काढला तर त्यावर चाळीस नावं निघतात, त्यातली निम्मी वारलेली, काहींचे वारस कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. पुनर्वसनाला जागा द्यायला एक भाऊ तयार झाला तरी उरलेल्या एकोणचाळिसांच्या सह्या कुठून आणायच्या?

ज्या घरांच्या पाठीच डोंगर फाटलाय त्यांनी कायमचं उठलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या वाडीतली तशी तीन घरं आहेत. पण उरलेल्या नऊ घरांना वर्षातले पंधरा-वीस दिवस धोका आहे. त्या पंधरा-वीस रात्री त्यांना खाली आणण्याची सोय झाली, तर उरलेलं वर्ष त्यांना त्यांच्या खळ्यात का जगू देऊ नये?


नागाओकाकर | २१ एप्रिल, पहाटे ५:२०

मी मूळचा देवरुखकडचा, अकरा वर्षं जपानमध्ये निगाता प्रांतात नागाओका शहरात नोकरीला आहे. हा धागा वाचून काल रात्री झोप लागली नाही, कारण इथे माझ्या घरापासून तासाभरावर हेच चाललंय.

जपानमध्ये दर दहा माणसांतली जवळजवळ तीन पासष्टीच्या पुढची आहेत. ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची असतात तिला इथे ‘गेनकाइ शूराकु’ म्हणतात. गेनकाइ म्हणजे मर्यादा. आपल्याकडच्या कितीतरी वाड्या या व्याख्येत आज बसतील, आपण त्यांना नाव दिलं नाही एवढंच.

२३ ऑक्टोबर २००४ ला इथे मोठा भूकंप झाला. यामाकोशी नावाचं डोंगरातलं गाव सगळ्या बाजूंनी दरडींनी तुटलं. सुमारे २,२०० माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढून आमच्या शहरात आणली. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरती घरं सोडत काढून दिली होती, त्यामुळे शेजार मोडला आणि कितीतरी म्हातारी माणसं एकटी, कुणाला न कळता मेली. त्यावरून शिकून यामाकोशीची तात्पुरती घरं वाडीवार दिली. जी माणसं गावात शेजारी होती ती इथेही शेजारी. सड्यावरची, तुमच्या आईला विरारला जे झालं ते हेच. शेजार नव्हता.

तरी सगळं गोड नाही. लोक परत गेले, रस्ते झाले, घरं झाली, पण यामाकोशीत आज हजारसुद्धा माणसं नाहीत. तरुण उतरले ते उतरलेच. पुनर्बांधणीने माणसं परत येतात असं समजू नका.

१ जानेवारी २०२४ चा नोतो भूकंप तर अलीकडचा. सुझु, वाजिमा ही म्हाताऱ्यांचीच गावं. द्वीपकल्पात शिरणारे रस्ते तुटले, हजारो माणसं वाड्यावाड्यांत अडकली. थेट भूकंपात गेले त्यांच्यापेक्षा नंतर थंडीने, आबाळीने, औषधं तुटल्याने, निवाऱ्यातल्या हालांनी गेलेल्यांचा आकडा पुढे मोठा झाला. सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी झाली आणि भूकंपग्रस्तांना दिलेल्या तात्पुरत्या घरांत पाणी शिरलं. वाशिष्ठीकाठ, तुमच्या शेजारच्या आजोबांचे ते तीन महिने इथे आपत्तीतच मोजले जातात. आपल्याकडे ते कुठेच मोजले जात नाहीत.

उचलण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. २०२१ पासून इथे इशाऱ्याच्या पाच पातळ्यांतली तिसरी पातळी म्हणजे ‘वृद्धांनी आता निघावं’. इतरांना निघायला सांगतात ते चौथीला. ज्याला पाखाडी उतरायला चाळीस मिनिटं लागतात त्याला दहा मिनिटं लागणाऱ्यासोबत इशारा देऊन काय उपयोग? दुसरी, त्याच वर्षी कायदा बदलून प्रत्येक असहाय माणसाचा स्वतंत्र आराखडा करण्याचं काम नगरपालिकांवर टाकलं. एका कागदावर एक माणूस. तो कुठे झोपतो, काय आजार, कुठे न्यायचं, आणि कोण नेणार त्याचं नाव. हे काम इथेही पुरतं झालेलं नाही, कारण ‘कोण नेणार’ या रकान्यात नाव मिळत नाही. पण रकाना कोरा आहे हे निदान कागदावर दिसतं.


आंबाघाट | २१ एप्रिल, सकाळी १०:०२

वाचतोय. एका माणसाचा एक कागद, हे फार पटलं. आमच्या आजीचा आजच करतो.


निवृत्त_सिस्टर | २२ एप्रिल, दुपारी ४:४५

बत्तीस वर्षं उपकेंद्रावर काढली, त्यातली वीस कोकणात. मला दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली म्हणजे, ही यादी तुम्हाला नव्याने करायला नको. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा बीपी-शुगरचा तपासणी फॉर्म आशा सेविका घरोघरी जाऊन भरते. अंथरुणाला खिळलेलं कोण, दम्याचं कोण, डायलिसिसला कोण जातं, सगळं तिला तोंडपाठ असतं. पण मी इतक्या वर्षांत आपत्तीच्या एकाही बैठकीला आशेला बोलावलेलं पाहिलं नाही. पोलीस पाटील असतात, सरपंच असतात, तलाठी असतात. माणसांचे गुडघे जिला माहीत, ती नसते. सड्यावरची, तुम्ही गावी गेलात की आधी आशेकडे जा.

दुसरी, डोली. गोधडीची झोळी करून एका बांबूला अडकवली की माणूस आत दुमडतो. दम्याच्या किंवा हृदयाच्या पेशंटचा त्यात श्वास कोंडतो. दोन पेशंट मी असे वाटेत जाताना पाहिलेत. त्यापेक्षा हाताची लाकडी खुर्ची घ्या. दोन्ही बाजूंनी सीटच्या खालून एकेक जून मेसकाठी, म्हणजे बांबू, घाला, चारही पायांना सुंभाने आवळा, सुंभ भिजवून बांधलात तर घट्ट बसतो. पेशंटला छातीखालून आणि मांडीवरून लुगड्याने बांधायचं, पाय टेकायला आडवी फळी. चार जणांनी उचलायची, चढ असो वा उतार, पेशंटचं तोंड चढाकडे ठेवायचं, म्हणजे तो पुढे घसरत नाही. प्लास्टिकची खुर्ची अजिबात नको, पाय मोडतो. चार माणसं दर दोनशे पावलांनी बदलावी लागतात, म्हणजे एका पेशंटला आठ जण. आता तुमचे एकोणीस आठवा. म्हणून रात्री उचलायची वेळच येऊ द्यायची नाही. चालता येतंय तोवर, दिवसाउजेडी, काठी टेकत स्वतःच्या पायांनी खाली आणायचं. डोली फक्त जो उठूच शकत नाही त्याच्यासाठी.


राजा_डोंबिवली | २३ एप्रिल, रात्री १०:३०

आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा मी सेक्रेटरी. नागाओकाकरांचं वाचून मंडळाच्या सभेत विषय काढला. आमच्याकडे मंदिराच्या जीर्णोद्धाराला दोन वर्षांत चांगली वर्गणी जमली, मागावीसुद्धा लागली नाही. चर उपसायला मात्र आजवर एक रुपया आम्ही पाठवलेला नाही, कारण कुणी मागितलाच नाही आणि आम्हाला सुचलं नाही. सभेत यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

ठरलं ते असं. १५ जुलै ते ५ ऑगस्ट, दर आठवड्याला दोघांनी गावी राहायचं, पाळीपाळीने. ज्याला रजा नाही त्याने पाळीवाल्याचा रोज भरायचा. सहा नावं आली. मेच्या शेवटच्या रविवारी वाडीत मजूर लावून चर उपसायचे, पैसे मंडळाचे. आणि मंदिराच्या सभामंडपात वीस गाद्या, इन्व्हर्टर, दोन संडास. देवळाचा निवारा करायला काय हरकत आहे?


बांदावरून | २४ एप्रिल, सकाळी ७:५०

राजादादा, पाळीची कल्पना उत्तम. ती एवढी एक गोष्ट झाली तरी मी तुमच्या मंडळाचे पाय धरीन. पण देवळाबद्दल स्पष्ट बोलतो.

गावात पाच वाड्या आहेत आणि मानपानावरून पालखी तीन वर्षं बंद होती. बौद्धवाडी डोंगराच्या अगदी पोटात आहे, सगळ्यात जास्त धोका तिला. पोसऱ्यात सतरा माणसं गेली तीही बौद्धवाडीच होती. त्या घरांतल्या म्हाताऱ्या रात्री कुणाच्या भरवशावर देवळात येतील, आणि आल्या तर कुठे बसायला सांगतील, हा प्रश्न त्यांच्या मनात आला तरी त्या घरातून निघणार नाहीत. मंडपाला माझा विरोध नाही. पण निवारा शाळेतच हवा. शाळेत कुणाला कुणाची परवानगी लागत नाही. मंडळाचे पैसे शाळेची कौलं फेरायला द्या, पट सात असो वा शून्य.


राजा_डोंबिवली | २४ एप्रिल, दुपारी १२:१५

पटलं. शाळेचं बोलतो मंडळात.


सड्यावरची | २६ मे, रात्री ९:२०

महिनाभर लिहिता आलं नाही, गावी होते. आज परत आले.

आधी आशाताईंकडे गेले. त्यांनी अर्ध्या तासात एकोणीस जणांचं सगळं सांगितलं, माझ्या आईबद्दल मला माहीत नसलेलं धरून. रात्री तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही. फोनवर ती कधी बोलली नाही.

दोनशे पानी वही घेतली. एका पानावर एक माणूस. नाव, झोपण्याची खोली, औषधं, चालून खाली यायला लागणारा वेळ. तो वेळ अंदाजाने लिहिला नाही. सकाळी उन्हं चढायच्या आधी एकेकीबरोबर शाळेपर्यंत चालत गेले, घड्याळ लावून. आईला ३५ मिनिटं. पलीकडच्या काकूंना ५०, कारण त्या पाखाडीवर बसून उतरतात, एकेक पायरी. पाऊस नसताना ५०. कोतवालाच्या नोटिशीत ‘तात्काळ’ असा शब्द आहे.

मग वेळ ठरवली. दुपारी चार. अंधारात कुणी निघायचं नाही, म्हणून चारला निर्णय आणि सहाच्या आत सगळे शाळेत. हवामान खात्याचा रेड इशारा असेल तर दुसरं काही बघायचंच नाही, निघायचं. ऑरेंज असेल तर डबा बघायचा. डबा म्हणजे सरळ उभ्या भिंतीचा रंगाचा रिकामा डबा, आमच्या खळ्याच्या मधोमध दगडांत बसवलाय, झाडाच्या आणि पागोळीच्या लांब. सकाळी साडेआठला ओतायचा, चारला आत पट्टी बुडवून मोजायचा. खात्याच्या भाषेत दिवसाला ११५ मिमीच्या पुढे ‘अति जोरदार’. आम्ही चारपर्यंत ७० ला निघायचं ठरवलंय. महसूल मंडळाच्या ठिकाणचं सरकारी मापक आमच्यापासून सात किलोमीटरवर सपाटीला आहे, तिथे आणि सड्यावर एकसारखा पाऊस कधीच पडत नाही. डबा मोजायचं काम आईने मागून घेतलं. पट्टीवर ७० ला मी नेलपॉलिशने जाड रेघ मारून दिलीय, डाव्या डोळ्याला दिसेल अशी.

पट्टी न बघता निघायच्या खुणाही वहीच्या पहिल्या पानावर आहेत, सगळ्या म्हाताऱ्यांनीच सांगितलेल्या. पऱ्याचं पाणी अचानक तांबडं-गढूळ झालं. किंवा जोराचा पाऊस चालू असताना पऱ्या एकदम आटला, म्हणजे वर कुठेतरी माती अडकलीय. दार चौकटीत अडकायला लागलं. खळ्याला नवी चीर गेली. फणस कलला. यातलं एक जरी दिसलं तर हाळी द्यायची. फोन लागला नाही तर थाळी वाजवायची, सलग. आमच्याकडे थाळी सलग कधीच वाजवत नाहीत, त्यामुळे घोटाळा व्हायचा नाही.

गाईचा प्रश्न सर्वात अवघड होता. आई म्हणाली, कपिला दावणीला असताना मी खाली जायची नाय. तिसऱ्या घरातल्या आजीही तेच म्हणाल्या, त्यांच्या सात कोंबड्या आहेत. शेवटी शाळेच्या मागे गवंड्याकडून पत्र्याची पडवी करून घेतली, सहा गुरं उभी राहतील एवढी. खर्च वाडीच्या मंडळाने दिला. गुरांना जागा झाल्यावर दुसऱ्या दिवशी माणसांचा होकार आला, एकाही बाईने पुन्हा ‘नाय’ म्हटलं नाही.

डोंगर फाटलेल्या तीन घरांचं काही झालेलं नाही. त्यांचे मुलगे तयार आहेत, जागा नाही. सातबारावरच्या चाळिसांपैकी सव्वीस जणांपर्यंत पोचले. बाकीचं पावसाळ्यानंतर. तोवर ती तीन घरं जुलैभर रिकामी ठेवून ती माणसं खालच्या वाडीत भाड्याने राहणार आहेत, भाडं मुंबईची मुलं देतील.

वहीत शेवटचा रकाना ‘कोण नेणार’. एकोणीसपैकी सोळा जणांना चालता येतं, त्यांच्यासोबत फक्त कुणीतरी हवं. दोघींना डोलीतून आणायचं, त्यासाठी बांदावरून यांनी सांगितलेला पोल्ट्रीवाला मुलगा, रिक्षावाला आणि खालच्या वाडीतले सहा जण मिळाले, पाळीवाले आले की दहा होतील. सिस्टर, खुर्ची तुम्ही सांगितली तशीच बांधली, मला बसवून वर-खाली नेऊन बघितली.

एक पान राहिलं. डोंगराच्या अंगाचं शेवटचं घर, ८१ वर्षांच्या आजी, अर्धांग झालेलं. तिथपर्यंत पोचायला पऱ्या ओलांडावा लागतो, आणि पऱ्याला पाणी चढलं की आमच्या बाजूने कुणी जाऊ शकत नाही. पलीकडच्या बाजूला जी वाडी आहे ती दुसऱ्या ग्रामपंचायतीत येते. तिथे माझी कुणाशीच ओळख नाही. तो रकाना मी कोराच ठेवून आले.


नागाओकाकर | २७ मे, पहाटे ४:५०

सड्यावरची, पऱ्यापलीकडच्या वाडीचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या देवरुखच्या नातेवाइकांतलं कुणी तिकडे असेल तर विचारतो.


मिरग | २७ मे, रात्री ८:३५

मी इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. पऱ्या, शेवटचं घर आणि पोल्ट्री वाचून ओळखलं. मी पलीकडच्या वाडीतलीच. त्या आजी लहानपणी आम्हाला करवंदं द्यायच्या. माझा नवरा आणि दीर दोघे घरीच असतात, दोघांचं वय पन्नाशीच्या आसपास, काजूच्या बागेत काम करतात. आमच्या घरून त्यांच्या दारात पऱ्या न ओलांडता वीस मिनिटांत जाता येतं, वाट रानाची आहे पण आहे. दोघांना विचारलं. वहीत नावं लिहा म्हणतात. खुर्ची कशी बांधायची तेवढं कुणीतरी येऊन दाखवा.


सड्यावरची | २७ मे, रात्री ८:४१

ताई, शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. रविवारी सकाळी सातला तुमच्या वाडीच्या वरच्या वळणावर. सुंभ आणि मेसकाठ्या मी घेऊन येते, खुर्ची आजींच्याच घरात आहे.